आराखड्यातला हरवलेला कर्ता

साहित्याची समीक्षा करणाऱ्याने नगरपरिषदेचा घनकचरा आराखडा कशाला वाचावा, असे काही मित्र विचारतील. माझे उत्तर असे की, आराखड्यालाही भाषा असते, लेखक असतो, आणि कोणाला बोलू द्यायचे व कोणाला गप्प ठेवायचे हे ठरविणारी दृष्टी असते. प्रस्थापित कादंबरीत गावकुसाबाहेरचा माणूस का दिसत नाही, हा प्रश्न दलित समीक्षेने निकराने विचारला. तोच प्रश्न आता या सरकारी गद्याला विचारला पाहिजे. कारण या गद्यावर माणसांची पोटे अवलंबून आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावचा आराखडा मी विद्यार्थ्यांबरोबर वाचला. रोज किती टन कचरा निघतो, घंटागाड्या किती लागतील, खताचे शेड कोठे उभारावे, ठेकेदाराचे देयक कसे काढावे, हे सारे त्यात तपशीलवार आहे. मात्र वाक्ये सगळी कर्मणी. ‘कचरा गोळा केला जाईल’, ‘वर्गीकरण करण्यात येईल’, ‘पुनर्वापरायोग्य माल विक्रीस पाठविला जाईल’. व्याकरणाच्या तासाला विचारतो तेच मी विचारले: या वाक्यांचा कर्ता कोण? मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, आमच्या वस्तीतल्या बाया.’ त्या बायांचा आराखड्यात एका ओळीनेही उल्लेख नाही. टन मोजले, गाड्या मोजल्या, बाया मोजल्या नाहीत.

हे व्याकरण जुने आहे. काम व्हावे, पण करणारा दिसू नये, ही जातिव्यवस्थेची रीतच आहे. गावगाड्यात मेलेले ढोर ओढले जाई, चावडी झाडली जाई. कोण ओढतो, कोण झाडतो हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नसे, कारण ते जातीने आधीच सांगून ठेवलेले असे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्यांचे श्रम अशाच बिनकर्त्याच्या वाक्यांत गाडले गेले आहेत.

दलित आत्मकथनाने हा कर्ता वाक्यात परत आणला. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड वेचून आणतात, निवडतात आणि विकतात. ‘पुनर्चक्रीकरण’ हा शब्द मराठी कचेऱ्यांत रुळण्याच्या कितीतरी आधी ते काम या बायांच्या हातांनी चालू होते. कोणता पुठ्ठा भिजला की भाव पडतो, कोणते प्लास्टिक भंगारवाला घेतो आणि कोणते परत फेकतो, हे त्यांना ठाऊक असते. आराखडा लिहिणाऱ्या सल्लागाराच्या माहितीला ज्ञान म्हणायचे आणि या माहितीला मात्र सवय म्हणायचे, हा भेद कोणी केला?

१९९३ साली दोन गोष्टी घडल्या. ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि घनकचरा व्यवस्थापनाचा विषय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविला गेला. त्याच वर्षी पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. संघटनेने आधी ओळखपत्र मिळविले. कचरा उपसणारी बाई चोर नसून कामगार आहे, एवढे कागदावर यायला लढा द्यावा लागला. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने पाच वर्षांचा करार केला: दारोदार कचरा घ्यावा, घरटी शुल्क घ्यावे, सुका माल विकून येणारे पैसे वेचकांचे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत तर ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्याच आली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले.

कर्ता वाक्यात आला, पण वाक्याच्या कडेला. पुण्याच्या त्या करारात महापालिकेकडून वेतन नव्हते. बाईची कमाई घरमालकाच्या शुल्कावर आणि भंगाराच्या भावावर उभी होती. मुदत संपली की पुन्हा झगडा, आणि दारात ठेकेदार उभा.

आपल्यातले काही कार्यकर्ते याहून मूलभूत आक्षेप घेतात. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले. मग आज कचऱ्याच्या कामात हक्काची जागा मागणे म्हणजे जातीचे काम आपल्याच हाताने पक्के करणे नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण बाबासाहेबांनी मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांची संघटनाही उभारली होती. घाणीचे काम सोडण्याचा आग्रह आणि ते करणाऱ्याच्या हक्काचा लढा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी चालविल्या. काम सोडायलाही हातात ताकद लागते. आज भुकेने वाकलेल्या बाईला ‘सोड’ म्हणणे सोपे आहे. ती उद्या खाईल काय, हे सांगणे अवघड आहे. आणि ती हटली की कचरा नाहीसा होत नाही, ठेकेदाराच्या खात्यावर जातो. त्याच्याकडे राबायला तिचाच मुलगा येतो, कमी पैशांत आणि ओळखपत्राशिवाय.

म्हणून आपल्या गावचा आराखडा मागून घ्या आणि वाचा. वेचकांची नोंद आहे काय? वर्गीकरणाला छप्पर, पाणी आणि संडास असलेली जागा आहे काय? मालावर हक्क कोणाचा, मजुरी कोण देणार? घरातला कचरा घरातच वेगळा करण्याची सक्ती आहे, की मिसळलेली घाण पुन्हा तिनेच हातांनी चिवडायची? आणि तिच्या मुलांच्या शाळेचे पान त्या बाडात कोठे आहे? यातले शेवटचे पान नसेल, तर उरलेली सगळी पाने जातीचीच जुनी वही आहे, तिच्यावर फक्त नवा शिक्का आहे.