सेरोटोनिन आणि नव्या मज्जापेशी : एका अनुमानाची परीक्षा

प्रौढ मेंदूत नवी मज्जापेशी निर्माण होत नाही, हे मत दीर्घकाळ निर्विवाद मानले जात असे. १९६५ साली जोसेफ ऑल्टमन व गोपाल दास ह्यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पस ह्या भागात अशा पेशींचा पुरावा दिला. तो सर्वमान्य होण्यास मात्र काही दशके जावी लागली. पुढे २००० साली येल विद्यापीठातील मॅलबर्ग, डुमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, सेरोटोनिनचे कार्य वाढविणारे फ्लुओक्झेटिन दीर्घकाळ दिल्यास उंदरांत ह्या पेशींची संख्या वाढते. ‘नव्या पेशी जन्मतात म्हणून विषण्णता ओसरते’ हे अनुमान त्यातून रूढ झाले. प्रस्तुत लेखात त्याचीच परीक्षा करावयाची आहे.

औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. नवजात पेशी परिपक्व होण्यासही आठवडेच लागतात. हे साम्य आकर्षक खरे, परंतु कालसाम्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अधिक बळकट पुरावा २००३ सालचा आहे. सांतारेली, रेने हेन आदींनी क्ष-किरणांच्या योगे उंदरांतील हे पेशीजनन रोखले, तेव्हा फ्लुओक्झेटिनचा वर्तनावरील परिणामही दिसेनासा झाला. तथापि हेन ह्यांच्याच प्रयोगशाळेने २००९ साली, औषधाचे काही परिणाम नव्या पेशींवाचूनही घडतात, असे सिद्ध केले.

दुसरा दोष ‘वाढ’ ह्या शब्दाच्या सैल वापराचा. पेशींचे विभाजन, त्यांचे टिकणे आणि त्यांना मज्जापेशीचे रूप येणे ह्या तीन भिन्न अवस्था होत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य व सहकाऱ्यांनी २००२ साली हा भेद नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या बाबतीत स्पष्ट केला. ते द्रव्य घटविल्यास उंदरांत विभाजन मंदावते. पेशींचे टिकणे व रूपांतर ह्यांवर परिणाम होत नाही. अर्थात सेरोटोनिन हे ह्या व्यापाराचे एकमेव नियामक नव्हे.

मानवाविषयी तर अधिक सावधगिरी हवी. २०१८ साली सोरेल्स व सहकाऱ्यांना प्रौढ हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी आढळल्या नाहीत. त्याच वर्षी बोल्ड्रिनी व सहकाऱ्यांना त्या वार्धक्यातही आढळल्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या कापसाच्या मुलखात हा वाद केवळ विद्वानांचा राहत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. येथील रुग्णाला ‘गोळीने मेंदूत नव्या पेशी उगवतील’ असे सांगणे म्हणजे उंदरावरील निष्कर्ष माणसावर लादणे होय. गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून वैद्याला विचारल्यावाचून औषध सोडू नये, एवढे मात्र निःशंकपणे सांगता येते. कारण त्याला रुग्णांवरील अनुभवाचा आधार आहे. नव्या पेशींचा प्रश्न अनिर्णित राहिला, तरी त्या सल्ल्याला बाध येत नाही.