रहस्यकथेतले रिव्हॉल्व्हर कधी गंजत नाही

चकलीवाचून फराळाचे ताट जसे अपुरे, तशी रहस्यकथेवाचून दिवाळी अंकाची अनुक्रमणिका अपुरी वाटते. घरातील वडीलधारी मंडळी अंक हाती येताच आधी वैचारिक लेख उघडतात खरी. पण दुपारच्या वामकुक्षीत त्यांच्या छातीवर उपडा पडलेला अंक हळूच उचलून पाहावा, तो नेमका रहस्यकथेच्या पानावर उघडलेला असतो! यात लाजण्यासारखे काही नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि ज्यांच्या हाती एरवी पुस्तक गेले नसते अशा कितीतरी माणसांना वाचनाची गोडी लावली. हे ऋण मान्य करूनच मला एक तक्रार मांडायची आहे. ती कथानकाविषयी नाही, भाषेविषयी नाही. ती आहे नायकाच्या कोटाच्या खिशातील रिव्हॉल्व्हरविषयी.

आपल्या रहस्यकथेत सारे काही बिघडते. ऐन पाठलागात मोटार बंद पडते, टेलिफोनची तार तुटते, पावसात दिवे जातात. बिघडत नाही ते फक्त रिव्हॉल्व्हर. आजोबांच्या काळापासून कपाटात पडलेले असो की पावसाळाभर खिशात भिजलेले असो, नायकाने चाप ओढला की गोळी सुटतेच. त्याला गंज चढत नाही, त्याचे तेल वाळत नाही, त्याची स्प्रिंग थकत नाही. म्हणजे ते हत्यार नव्हेच. तो पौराणिक अस्त्राचा मंत्र आहे, फक्त त्याला विलायती नाव दिले आहे.

मंत्रच म्हटल्यावर चमत्कार आलेच. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमधून नऊ गोळ्या सुटतात. खून झालेल्या खोलीत डिटेक्टिव्हला गालिच्यावर रिकामे काडतूस सापडते. वास्तविक रिव्हॉल्व्हर आपली रिकामी काडतुसे पोटातच ठेवते, ती बाहेर फेकते ते आपोआप भरणारे पिस्तूल. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग या दुसऱ्या जातीचे होते. आपण दोहोंना सरसकट 'पिस्तूल' म्हणतो, आणि मग लेखकाचाही घोटाळा होतो. खलनायक तर रिव्हॉल्व्हरला आवाज दाबणारी नळी लावून निःशब्द खून करतो. परंतु फिरते चक्र आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तिच्यातून धूर निघतो, ठिणगी निघते आणि आवाजही निघतो. रशियाच्या १८९५ सालच्या नागां बनावटीत चक्र पुढे सरकून ही फट बुजते. पण असा अपवाद क्वचितच. आमच्या खलनायकाला मात्र तो नेमका कोठून मिळतो, हे रहस्य शेवटपर्यंत उलगडत नाही!

वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. या लोखंडाच्या उठाठेवी तुम्हाला कशाला? कशाला, ते सांगतो. मी जालना जिल्ह्यातील खेड्यात शिकवतो. येथल्या माणसाचे निम्मे आयुष्य दुरुस्तीत जाते. विहिरीवरची मोटार जळाली तर ती कशाने जळाली, हे आठवीतला मुलगा सांगतो. खुद्द जालना शहरात जुने भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने आहेत. झिजलेल्या लोखंडाचे मोल या मातीला कळते. अशा वाचकासमोर कधीच न झिजणारे यंत्र ठेवणे म्हणजे त्याच्या जाणतेपणाचा अवमान होय.

एका परवानाधारक कारागिराच्या बाकावर मी एक म्हातारे रिव्हॉल्व्हर उघडलेले पाहिले आहे. वेब्ली पद्धतीचे, मधून मोडून उघडणारे. उघडले की सहाही रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात. मालक ते वर्षानुवर्षे कमरेला लावून हिंडलेला. घामाने मुठीजवळचे पोलाद खाल्ले होते. आत कपड्याचे तंतू आणि वाळून लाखेसारखे झालेले तेल यांचा थर बसला होता. त्याने मला जे समजावले ते असे. चाप ओढताना आतला एक लहान पंजा चक्राला मागून ढकलतो. चक्र एक घर पुढे सरकते. तेवढ्यात खालून एक खुंटी वर येऊन चक्राच्या खाचेत बसते व ते घर नळीच्या रेषेत पक्के धरते. मगच घोडा पडतो. हा सारा ताल आहे. पंजा झिजला किंवा खाचेची कड गोल झाली की ताल चुकतो. घर नळीच्या रेषेत पुरते येत नाही आणि घोडा मात्र पडतो. मग गोळी नळीच्या तोंडाशी घासून जाते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या माणसाच्या गालात घुसतात. स्प्रिंग थकली असेल तर घोडा नुसताच टकटक करतो. दारू सर्दावलेली असेल तर गोळी नळीत अर्ध्यावरच अडकते. आणि हे न कळून कोणी दुसरा बार काढला तर नळीच फुटते.

दुरुस्तीतील शहाणपण मला अधिक मोलाचे वाटले. कानस हाती घेणारा उतावळा माणूस हत्यार कायमचे बिघडवतो, कारण घासून काढलेले पोलाद परत घालता येत नाही. जाणता कारागीर नवा पंजा मुद्दाम किंचित लांब ठेवतो, बसवून पाहतो, काढतो, दोन हात कानस फिरवतो, पुन्हा बसवतो. आणि एका घरावर ताल जमला म्हणून तो थांबत नाही. सहाही घरे वेगवेगळी तपासतो, कारण प्रत्येक खाच आपापल्या परीने झिजलेली असते. पाच घरे चोख आणि सहावे दगाबाज, असेही असते. माणसाच्या स्वभावाचे याहून चांगले वर्णन मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचले आहे!

आता खऱ्या घटनांकडे वळू. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या लष्करी कायद्याचा राग त्यामागे होता. हॉटसन वाचले. खिशातील टाचणवहीच्या धातूच्या बटणावर गोळी थडकली, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. परंतु मराठी घरांतून जी गोष्ट सांगितली जाते, तीत हॉटसनने कोटाखाली चिलखत घातलेले असते. लोकांच्या कल्पनेला एवढेसे बटण पुरेना. तिने ओतीव चिलखत घडवले. उधमसिंग यांचेही पाहा. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांच्या रिव्हॉल्व्हरने मायकेल ओड्वायर ठार झाला, पण इतर तिघे जखमी होऊन वाचले. खटल्यात दिसून आले की काडतुसे जुनी होती आणि त्या रिव्हॉल्व्हरच्या मापाची नव्हती. वर्षानुवर्षे उराशी जपलेला निश्चय एकीकडे, आणि हाती येतील ती काडतुसे दुसरीकडे. या विसंगतीत केवढी करुण कादंबरी दडली आहे! आमचा रहस्यकथाकार मात्र पहिली गोष्ट करतो. बटणाच्या जागी चिलखत घालतो.

रहस्यकथा ही करमणूक आहे, फिटरचे पाठ्यपुस्तक नव्हे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. पानभर स्प्रिंगांची वर्णने कोणी मागितलेली नाहीत. माझे म्हणणे इतकेच की, बिघाडाला कारण असते, आणि कारण म्हटले की त्यामागे माणूस आला. रिव्हॉल्व्हर ऐन वेळी चालले नाही, हे दैव म्हणून सांगितले तर तो योगायोग झाला. पण मालकाने दहा वर्षांत तेल घातले नाही, किंवा शस्त्र दुरुस्तीला कायद्याने परवाना लागतो तो नसलेल्या कोणाकडे चोरून कानस मारून घेतली, हे सांगितले की ती गोष्ट झाली. आळसाची, कंजूषपणाची, लपवाछपवीची गोष्ट. रहस्याची किल्ली अशा ठिकाणी सापडावी.

आणखी एक हानी होते, ती मास्तर म्हणून मला अधिक जाणवते. जे हत्यार कधी चुकत नाही त्याची भीतीही वाटेनाशी होते. चाप ओढला, माणूस पडला, पान उलटले. ओढणाऱ्याच्या बोटाला जोर लागला नाही, मनगटाला झटका बसला नाही, नाकाला दारूचा वास आला नाही. मग पडलेल्या माणसाचे वजन तरी वाचकाला कोठून जाणवणार? हत्याराचे वजन लिहिले नाही की मरणाचेही वजन उरत नाही. बोटांची पिस्तुले करून खेळणाऱ्या मुलांना ते क्षम्य आहे. चाळिशीतल्या लेखकाला नाही.

म्हणून रहस्यकथा लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना या दिवाळीत एवढेच सुचवावेसे वाटते की, पुढच्या वर्षीच्या कथेला बसण्याआधी एकदा एखाद्या जाणत्या कारागिराच्या बाकाशी घटकाभर बसावे. त्याच्या तोंडचे शब्द टिपावेत. मराठीत ते आहेत, पण छापील पानावर अजून पुरते आलेले नाहीत. नायक जिंकायचा तर खुशाल जिंकावा. फक्त त्याच्या रिव्हॉल्व्हरचे सहावे घर दगाबाज आहे, हे त्याला ठाऊक असावे, आणि पाच बार होईपर्यंत आम्हा वाचकांचा श्वास त्याच्याबरोबर अडकून राहावा.