लूर्दचे चार प्रवासी : सेवा आणि तिचे फळ

प्रवासवर्णनाच्या वाङ्मयात प्रवासी हाच बहुधा नायक असतो. तो कोठे गेला, त्याने काय पाहिले, त्याच्या मनावर कोणते संस्कार झाले, याचा वृत्तान्त म्हणजे प्रवासवर्णन, अशी आपली समजूत झालेली आहे. आणि आपल्या मराठी प्रवासवर्णनांनी ती बऱ्याच अंशी दृढ केली आहे. पण जो प्रवासी पाहण्यासाठी जात नाही, दुसऱ्याचे ओझे उचलण्यासाठी जातो, त्याच्या प्रवासाचे वर्णन कसे करावे? ज्या दिवशी तो आपल्या अनुभवाचे कथन करू लागतो, त्याच दिवशी त्याच्या सेवेच्या केंद्रस्थानी तो स्वतः येऊन बसण्याचा धोका असतो. सेवेविषयीच्या वाङ्मयापुढील ही अडचण केवळ नैतिक नाही, ती वाङ्मयीनही आहे. तिचा विचार करण्यास फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्राविषयी लिहिले गेलेले चार ग्रंथ उपयोगी पडतील असे वाटते.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या या लहानशा गावी 11 फेब्रुवारी ते 16 जुलै 1858 या काळात बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या दरिद्री मुलीस अठरा वेळा मरियामातेचे दर्शन झाले, अशी कॅथलिक जगाची श्रद्धा आहे. तेथील झऱ्याच्या पाण्याने रोगी बरे होतात या वार्तेने पुढे लाखो लोक तेथे लोटू लागले. आलेल्या दाव्यांची छाननी करण्यासाठी 1883 मध्ये तेथे वैद्यकीय कार्यालय स्थापन झाले. आणि इतकी गर्दी लोटूनही 2018 पर्यंत धर्मसभेने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटनांची संख्या केवळ 70 होती. परंतु लूर्दचे खरे वैशिष्ट्य या आकड्यात नाही. रोग्यांना आगगाडीतून उतरवणे, स्ट्रेचरवरून गुहेपर्यंत नेणे, स्नानकुंडात हात देऊन उतरवणे, रात्री त्यांच्या उशाशी बसणे, ही कामे करण्यासाठी 1885 मध्ये तेथे स्वयंसेवकांचा एक संघ उभा राहिला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात देशोदेशींचे तरुण-तरुणी व प्रौढ गृहस्थ-गृहिणी आपल्या खर्चाने तेथे येऊन ही कामे करीत आले आहेत. त्यांना स्वतःला बरे व्हावयाचे नसते. मग त्यांना काय हवे असते? या प्रश्नाचे उत्तर चार लेखकांनी चार प्रकारे दिले आहे, किंवा देण्याचे टाळले आहे.

पहिला लेखक एमिल झोला. 1892 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय यात्रेच्या वेळी तो लूर्दला गेला आणि 1894 मध्ये त्याची 'लूर्द' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी धर्मसभेने तिला निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकले. पाच दिवसांचे पाच भाग आणि प्रत्येक भागात पाच प्रकरणे, अशी तिची आखीव रचना आहे. श्रद्धा गमावलेला धर्मगुरू प्येर आणि त्याची बालमैत्रीण, अंथरुणाला खिळलेली मारी, ही तिची प्रमुख पात्रे. पॅरिसहून निघालेल्या, असाध्य रोग्यांनी भरलेल्या गाडीचे जे चित्र झोलाने पहिल्या प्रकरणांत रेखाटले आहे, त्याच्या तोडीचे समूहचित्र कादंबरीवाङ्मयात क्वचित आढळेल. उन्हाळ्याचा उष्मा, जखमांची दुर्गंधी, डब्यात सुरू झालेली प्रार्थना हे सारे वाचकाच्या इंद्रियांना भिडते. या लेखकाला श्रद्धा नाही, पण करुणा आहे. आणि ती करुणाच या ग्रंथाचे सामर्थ्य होय.

तथापि सेवेकडे वळताच झोलाची दृष्टी उपरोधाची होते. रुग्णसेवेसाठी आलेल्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या मेळाव्यात तो रेमोंद ही उपवर मुलगी आणतो आणि स्ट्रेचर वाहणाऱ्या तरुणांत जेरार हा उपवर मुलगा. यात्रा संपता संपता त्यांचा विवाह ठरतो. मादाम व्होल्मार ही तर सेवेच्या निमित्ताने घरच्या जाचातून वर्षाकाठी तीन दिवस सुटका करून घेते आणि ते तीन दिवस प्रियकरासमवेत एका बंद खोलीत घालवते. सेवेचे फळ म्हणून कोणाला वर मिळतो, कोणाला प्रतिष्ठा, कोणाला चोरटे सुख! हा उपरोध खोटा आहे असे म्हणता येत नाही. उन्हाळ्यातील परोपकारी सफरीत असे हेतू मिसळलेले असतात, आणि आजच्या वाचकालाही त्यांची उदाहरणे शोधावयास दूर जावे लागणार नाही. पण झोलाचे मोठेपण असे की, आपल्या सिद्धान्ताला अपवाद ठरणारे पात्रही त्याने प्रामाणिकपणे निर्माण केले. सिस्टर इयासिंत ही हसतमुख धर्मभगिनी या गाडीतील रोग्यांची शुश्रूषा करते. तिने एकदा ज्याला मरणाच्या दारातून परत आणले तो तरुण डॉक्टर फेरां याच गाडीत आहे. दोघांच्या परस्परांविषयीच्या निर्मळ स्नेहाला झोला कोणतेही नाव देत नाही, त्यातून काही घडवीतही नाही. जिला काही मिळत नाही आणि जी काही मागतही नाही अशी ही स्त्री त्या कादंबरीत एखाद्या उघड्या खिडकीसारखी आहे.

मात्र एका ठिकाणी झोलाची प्रामाणिकता डळमळते. त्याच्या ला ग्रिव्होत या पात्राचा आधार मारी लब्रांशू ही क्षयरोगी स्त्री होती. झोला लूर्दला असतानाच ती बरी झाल्याचे जाहीर झाले. कादंबरीत परतीच्या प्रवासात तिचा रोग उलटतो. प्रत्यक्षात ती स्त्री 1920 पर्यंत जगली, आणि तिच्या बरे होण्याला 1908 मध्ये धर्मसभेची मान्यताही मिळाली. कादंबरीकाराला वस्तुस्थिती बदलण्याचा अधिकार असतो, हे कोण नाकारील? पण ज्याने आयुष्यभर वास्तवाच्या दस्तऐवजाची ग्वाही देऊन लिहिले, त्याने केवळ आपल्या सिद्धान्ताला अडचण होते म्हणून वास्तव बदलावे, हे त्याच्याच कलातत्त्वाला धरून नाही. ग्रंथाचा हा दोष धार्मिक नाही, वाङ्मयीन आहे.

दुसरा प्रवासी जोरिस-कार्ल ह्युइस्मान्स. एकेकाळी हा झोलाच्याच पंथातला. पुढे तो कॅथलिक श्रद्धेकडे वळला. 1903 व 1904 मध्ये तो लूर्दला राहिला आणि 1906 मध्ये त्याचा 'लूर्दचे लोकसमुदाय' हा ग्रंथ निघाला. श्रद्धाळू लेखक म्हटला की गोड गोड वर्णन अपेक्षावे, तर हा गृहस्थ तेथील देवळे, मूर्ती आणि दुकाने पाहून इतका संतापतो की ही सारी कुरूपता सैतानानेच सूड म्हणून उभी केली असावी, असे तो म्हणतो! पण रुग्णालयाच्या वर्णनात त्याची लेखणी शांत होते. व्रणांनी विद्रूप झालेले चेहरे तो लपवीत नाही, आणि त्यांच्यापुढे वाकलेल्या सेविकांविषयी विशेषणांचा वर्षावही करीत नाही. हात काय करीत आहेत, एवढेच तो सांगतो. सेवेच्या वर्णनाची ही एक उत्तम रीत आहे. तिची मर्यादा एवढीच की ह्युइस्मान्स सेवकांच्या मनात शिरत नाही. तो शेवटपर्यंत त्यांचा आदर करणारा प्रेक्षकच राहतो. 1907 मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर एका वर्षातच, मुखाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला, ही माहिती मनात ठेवून ती रुग्णालयाची पाने पुन्हा वाचली म्हणजे त्यांतील संयमाचे मोल कळते.

तिसरा प्रवासी डॉक्टर आहे. अलेक्सी कारेल 1902 च्या मे महिन्यात रोग्यांच्या गाडीबरोबर वैद्य म्हणून लूर्दला गेला. मारी बायी या मरणासन्न तरुणीत त्याच्या डोळ्यांदेखत काही तासांत झालेला बदल त्याने टिपून ठेवला. 'लूर्दचा प्रवास' हे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, 1949 मध्ये, प्रसिद्ध झाले. त्यात त्याने स्वतःचे आडनाव उलटे करून 'लेराक' असे पात्र योजले आहे. स्वतःकडे परक्यासारखे पाहण्याची ही युक्ती यशस्वी झाली आहे. वैज्ञानिकाच्या मनातील संशयाची आंदोलने इतक्या थोड्या पानांत इतक्या नेमकेपणाने क्वचितच व्यक्त झाली असतील. परंतु एका गोष्टीकडे टीकाकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. बरी झालेली मुलगी पुढे काय करणार असे विचारताच ती सांगते की, मी रोग्यांच्या सेवेसाठी धर्मभगिनी होणार. आणि प्रत्यक्षात ती तशी झाली. 1937 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने ते व्रत पाळले. पाहणाऱ्याचे काय झाले? कारेलला 1912 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, कीर्ती मिळाली. आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात त्याने भयंकर गुन्हेगारांना आणि गुन्हे करणाऱ्या मनोरुग्णांना वायूच्या साहाय्याने वेदनारहित मरण देणाऱ्या संस्था असाव्यात, अशी सूचना केली. एकाच खाटेच्या दोन बाजूंना असलेल्या या दोन व्यक्तींची आयुष्ये शेजारी ठेवून पाहिली की, अद्भुताचे दर्शन हे सेवेचे बीज ठरतेच असे नाही, हे कठोर सत्य ध्यानात येते. कारेलने ते लिहिले नाही. पण त्याचे पुस्तक त्याच्या नकळत ते सांगून जाते.

चौथा प्रवासी सहलीला आलेला नव्हता. फ्रान्स पडल्यावर, 1940 च्या उन्हाळ्यात, नाझींपासून पळणारा ज्यू लेखक फ्रान्झ व्हेर्फेल पत्नीसह लूर्दला आश्रयास राहिला. येथून सुटलो तर बर्नादेतची कथा सांगेन, असा त्याने नवस केला. पिरेनीज ओलांडून तो अमेरिकेस पोहोचला आणि 1941 मध्ये 'बर्नादेतचे गीत' प्रसिद्ध करून त्याने तो फेडला. जपमाळेच्या पाच दशकांप्रमाणे कादंबरीची पन्नास प्रकरणे आहेत. कादंबरीत भाबडेपणा आहे, अनेक प्रसंग नाटकी आहेत, आणि कलाकृती म्हणून ती झोलाच्या कादंबरीच्या खाली आहे, हे मान्य करावे लागेल. पण आपल्या प्रश्नाला सर्वांत खोलवर हात घातला तो व्हेर्फेलनेच.

बर्नादेत 1866 मध्ये नव्हेर येथील मठात गेली. तेथे नवदीक्षितांची अधिष्ठात्री मारी तेरेझ व्होझू होती. व्हेर्फेलने तिला लूर्दच्या शाळेतील शिक्षिका करून कथेत अगोदरच आणले आहे. इतिहासाला हे धरून नाही. पण हा बदल झोलाच्या बदलासारखा नाही, कारण त्याने एक संघर्ष उलगडला जातो, दडपला जात नाही. या स्त्रीने आयुष्यभर देह झिजवला, उपास केले, सेवा केली. मग दर्शन त्या अडाणी मुलीला का? मला का नाही? हा प्रश्न ईर्षेचा आहे, पण क्षुद्र नाही. ज्याने ज्याने प्रामाणिकपणे सेवा केली आहे त्याच्या मनात तो एकदा तरी आलेला असतो. बर्नादेतच्या गुडघ्यातील क्षयाची असह्य वेदना तिने मुकाट्याने सोसली, हे उघड झाल्यावरच व्होझूचा अभिमान गळतो.

मराठी वाचकास येथे गीतेतील निष्काम कर्मयोग आठवणे स्वाभाविक आहे. परंतु परभाषेतील भक्तिपर ग्रंथाला लगेच आपला साचा लावणे टीकेच्या दृष्टीने घातक होय. कर्मयोग फलाची आसक्ती सोडावयास सांगतो. कॅथलिक श्रद्धा फळ नाकारीत नाही. ते फळ कमावलेले वेतन नसून दान आहे, असे ती सांगते. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी देणाऱ्या धन्याचा दृष्टान्त मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. व्होझूचे दुःख हे त्या सकाळपासून राबलेल्या मजुराचे दुःख आहे. हा संदर्भ सोडला तर ती केवळ खलनायिका वाटेल आणि कादंबरीचा गाभाच हातातून निसटेल.

आपल्याकडील एका प्रवासाची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. त्यांना दीक्षा देणारा पंथ कॅथलिक नव्हता, अँग्लिकन होता. पण लंडनमधील फुलॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची धर्मभगिनी करीत असलेली सेवा पाहून आपले मन कसे पालटले, ते त्यांनी स्वतः सांगितले आहे. या पाहण्याची परिणती 1889 मध्ये मुंबईस उघडलेल्या शारदा सदनात आणि पुढे केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये झाली. कारेलही परमुलखातल्यासारखा पाहत उभा होता आणि रमाबाईही. एकाचे पाहणे टिपणात राहिले, दुसरीचे कामात उतरले. परदेशप्रवासाचे मोल ठरविताना आपल्या टीकेने हा निकष वापरून पाहण्यास हरकत नाही.

आता मूळ अडचणीकडे वळू. चमत्कार ही घटना आहे. ती एकदाच घडते, म्हणून तिचे कथानक होते. सेवा ही पुनरावृत्ती आहे. तेच पाणी, तीच खाट, तोच जिना. तिला कळस नसतो, म्हणून कथाकार तिच्यापाशी थांबत नाही. झोलाने तिचा उपरोध केला, ह्युइस्मान्सने तिची नोंद केली, कारेलने तिच्याकडे पाठ फिरवली, आणि व्हेर्फेलने तिला दोन स्त्रियांच्या संघर्षाचे रूप दिले. चौघांपैकी एकानेही स्ट्रेचरची दांडी धरणाऱ्या सामान्य माणसाला आपल्या ग्रंथाचा नायक केले नाही. ही उणीव त्यांच्या प्रतिभेची म्हणावी की कादंबरी या वाङ्मयप्रकाराचीच, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

बर्नादेतचे जे चरित्र सांगितले जाते त्यात या प्रश्नाला एक साधे उत्तर आहे. नव्हेरच्या मठात ती रुग्णकक्षाची सेविका होती. झाडणीचे काम झाले की तिला दाराआड ठेवतात. माझेही तसेच झाले आहे आणि तेथे मी सुखी आहे, अशा आशयाचे तिचे बोलणे चरित्रकारांनी नोंदविले आहे. 16 एप्रिल 1879 रोजी, वयाच्या 35 व्या वर्षी, ती वारली. 1933 मध्ये धर्मसभेने तिला संत म्हणून घोषित केले. दाराआडच्या त्या झाडणीची कादंबरी अद्याप कोणी लिहिलेली नाही. ती फ्रेंचमध्येच लिहिली जावी असे काही नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत परक्याची खाट उचलून परत आलेला, आणि त्याविषयी फारसे न बोलणारा, एखादा मराठी लेखकही ती लिहू शकेल.