सी. रामचंद्र : नाममुद्रा आणि गीतसंहिता

अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते. लावणीच्या आणि पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपले नाव गुंफतो, गुरूचे गुंफतो, प्रसंगी साथीदारालाही त्यात जागा देतो. मराठी गीतपरंपरेत नाममुद्रा ही मुखपृष्ठावर छापावयाची बाब नाही. ती संहितेचा घटक आहे आणि गीत गायिले जाते तेव्हा तीही गायिली जाते. तुकोबांच्या गाथेतील प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न निर्माण होतो तो या मुद्रेमुळेच. चित्रपटगीताने मुद्रेची ही जागा काढून घेतली. तेथे गीत पात्राच्या मुखी येते आणि त्याच्या कर्त्यांची नावे श्रेयनामावलीत पडद्यावरून क्षणभर सरकून जातात. १९४९ साली ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते, एवढे सांगितले तरी हा पेच ध्यानात यावा. गीत कोणाचे, याविषयीचे संकेत जेव्हा पुरते स्थिर झालेले नव्हते, त्याच काळात सी. रामचंद्र यांच्या गीतसंभाराचा मोठा भाग रचला गेला. त्या संभाराचे वाचन करताना ही गोष्ट विसरता येत नाही. मराठी समीक्षेने मात्र ती बव्हंशी विसरलेली आहे.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला, आणि ५ जानेवारी १९८२ रोजी ते निवर्तले. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण, १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये नायकाची भूमिका, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये संगीतकारांच्या हाताखाली हार्मोनियमची साथ, मग ‘जयक्कोडी’ व ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांचे संगीत, आणि १९४२ साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीतील कारकीर्द. शंभराच्या आसपास चित्रपट त्यांच्या खात्यावर जमा आहेत. परंतु ‘खाते’ हा शब्द येथे सैलपणे वापरता येत नाही, कारण खाती एकाहून अधिक आहेत. काही चित्रपटांवर संगीतकार म्हणून ‘राम चितळकर’ हे नाव आहे, काहींवर ‘अण्णासाहेब’, एखाद्यावर ‘श्यामू’. नट म्हणून ते आर. एन. चितळकर होत, गायक म्हणून नुसते ‘चितळकर’. ‘सी. रामचंद्र’ हे या सर्वांतील सर्वांत प्रतिष्ठित नाव खरे. तेच एकमेव नव्हे.

या नामबाहुल्याकडे आजवर व्यवसायातील सोय किंवा स्वभावातील गंमत म्हणून पाहिले गेले. सोय असेलही. तथापि मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक म्हणजे काय’ असा प्रश्न विचारून जे दाखविले ते असे, की लेखकाचे नाव हे व्यक्तीकडे बोट दाखविणारे साधे विशेषनाम नसते. ते काही संहितांना एकत्र बांधते आणि काहींना त्या गाठोड्यातून बाहेर ठेवते. ‘सी. रामचंद्र’ या नावाने नेमके हेच कार्य केले. त्या नावाखाली ‘अनारकली’ (१९५३), ‘यास्मिन’ (१९५५), ‘स्त्री’ (१९६१) आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायिलेले प्रदीप यांचे वीरगीत एकत्र बांधले गेले आणि त्यातून मधुर, करुण, रागदारीशी इमान राखणारा एक ‘कर्ता’ घडविला गेला. ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९), ‘अलबेला’ (१९५१), ‘शिनशिनाकी बूबला बू’ (१९५२), ‘आशा’ (१९५७) ही दुसरी बाजू मग ‘हलकीफुलकी’, ‘पाश्चात्त्य वळणाची’, फार तर ‘खेळकर’ ठरली. आत्मविष्कार पहिल्या भागात, उदरनिर्वाह दुसऱ्यात, अशी ही वाटणी आहे. ज्या अभिरुचीने मराठी कवितेत भावकवितेला केंद्रस्थान दिले आणि वगातील पदांना साहित्याच्या इतिहासात तळटीप दिली, त्याच अभिरुचीने ती केलेली आहे. गंभीर ते स्वतःचे आणि विनोदी ते लोकांचे, हे तिचे गृहीतक. संहिता पाहू गेल्यास वस्तुस्थिती जवळजवळ उलटी दिसते.

‘शहनाई’मधील रविवारचे गाणे घ्यावे. प्यारेलाल संतोषींनी लिहिलेले हे गीत त्या काळी पुष्कळांना थिल्लर वाटले, आणि आजही त्याचा उल्लेख ‘पाश्चात्त्य ठेक्याची सुरुवात’ एवढ्यापुरताच होतो. ठेका बाजूला ठेवून रचना पाहिली तर काय दिसते? एक इंग्रजाळलेला साहेब आमिषांची यादी वाचतो; गावाकडची मुलगी त्याला धर्माचा हवाला देऊन फटकारते. प्रत्येक कडव्याला मागणी आणि नकार यांचे माप आहे, आणि ध्रुवपद हा त्या भांडणाचा समेवर येण्याचा क्षण आहे. हा सवाल-जवाब आहे. गौळणीत कृष्णाच्या सवंगड्यांनी वाट अडवावी आणि मावशीने त्यांची फजिती करावी, त्या नाट्याची ही सुटाबुटातील आवृत्ती होय. वर्ष १९४७ आहे, ही बाबही निरर्थक नाही: साहेबाचे सोंग ज्या वर्षी काढता येऊ लागले त्याच वर्षी ते काढले गेले. आणि सोंग काढणारा आवाज कोणाचा? चितळकरांचा.

‘पतंगा’मधील दूरध्वनीच्या गीताची घडण तीच आहे. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला. राजेंद्रकृष्णांच्या शब्दांत विरहाची थट्टा आहे, परंतु थट्टेच्या तळाशी शाहिरी विरहिणीचा साचा स्पष्ट जाणवतो. मोहिमेवर गेलेला धनी आणि माडीवर वाट पाहणारी स्त्री यांच्यामध्ये पूर्वी निरोप्या असे. त्याच्या जागी आता तार आली. शमशाद बेगम यांचा खुला, रांगडा आवाज आणि चितळकरांचा किंचित नाकातला, मुद्दाम गबाळा ठेवलेला आवाज यांत गायनाची स्पर्धा नाहीच; आहे ती दोन सोंगांची जुगलबंदी. चितळकर येथे पार्श्वगायक म्हणून गातात असे म्हणणे अपुरे आहे. रचनाकार आपल्याच रचनेत सोंगाड्या होऊन उतरतो आणि श्रोत्याला ते ओळखू येते. चित्रपटगीताने शब्दांतली मुद्रा काढून घेतली होती. या गीतांत ती आवाजाच्या रूपाने परत आली. अखेरच्या कडव्यात ‘म्हणे अमुक’ असे न म्हणता, संपूर्ण गीतावर कंठाची मुद्रा उमटविण्याचा हा प्रकार आहे.

येथे आक्षेप संभवतो. संगीतकाराने स्वतः गाणे हे पुष्कळदा काटकसरीचे आणि वेळ वाचविण्याचे साधन असते. त्यात मुद्रा शोधणे हा समीक्षकाचा अतिरेक नव्हे काय? हेतूचा शोध येथे अभिप्रेत नाही. प्रश्न परिणामाचा आहे, आणि तो परिणाम ‘आझाद’च्या (१९५५) प्रतिउदाहरणाने तपासता येतो. त्या चित्रपटातील लता मंगेशकरांबरोबरच्या संथ युगुलगीतात चितळकर दिलीपकुमारांसाठी गातात, आणि ते असे गातात की आजही अनेक श्रोते तो आवाज तलत महमूद यांचा समजतात. म्हणजे आवाज लपविण्याचे कौशल्य त्यांच्यापाशी होते. प्रणयी नायकासाठी त्यांनी मुद्रा पुसली, सोंगाड्यासाठी ठसठशीतपणे उमटविली. ही निवड आहे, आणि संहितेतून ती वाचता येते. ज्या भागाला समीक्षा ‘आत्मविष्कार’ म्हणते तेथे कर्ता अदृश्य होतो. ज्याला ती ‘बाजारी’ म्हणते तेथेच तो नावानिशी उभा राहतो.

‘अलबेला’चा विचार या संदर्भात व्हावयास हवा. भगवान आभाजी पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र, आणि त्यांच्या नाचण्याची लकब मुंबईच्या गणेश-विसर्जनाच्या मिरवणुकीत आजतागायत टिकून आहे. शरीर त्यांचे, कंठ चितळकरांचा. या दोहोंच्या मेळातून नायक नावाची जी आकृती तयार होते ती त्या काळच्या हिंदी पडद्यावरील नायकांहून वेगळी आहे: स्थूल, ठेंगणी, हसण्याजोगी आणि तरीही विजयी. देशीयतेची मराठीतील चर्चा १९८० नंतर पुष्कळ झाली. परंतु तिने देशी तत्त्व शोधले ते खेड्याच्या भाषेत, ओवीत, महानुभाव गद्यात. बोंगो, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांच्या गजरात वगाची रचना जिवंत राहू शकते, ही शक्यता तिच्या ध्यानी आली नाही. वाद्ये परकी म्हणून रचना परकी, असा सरळ हिशेब केला गेला.

वाद्यांचा प्रश्न मात्र येथे संपत नाही. वर ज्या कंठमुद्रेचा पुरस्कार केला तिलाही तो अडचणीत आणतो. सी. रामचंद्र यांच्या वाद्यमेळाची बांधणी मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या ख्रिस्ती वादकांच्या हातची होती. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले आल्दोन्याचे ट्रंपेटवादक आंतोनियु शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांचे साहाय्यक. ‘अलबेला’त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले हे वादक कागदावर लिहीत. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे, सरगमीत विचार करी. एकाच गीताची संहिता अशा रीतीने दोन लेखनपद्धतींत वाटली गेलेली असे. चाल एका पद्धतीत, तिच्याभोवतीची स्वरसंहती आणि मधले तुकडे दुसऱ्या पद्धतीत. नामावलीत पहिल्या पद्धतीचा धनी तेवढा आला. रामचंद्रांची नावे अनेक आहेत म्हणून कौतुक करावे, तर त्याच गीतांतील दुसऱ्या हातांना एकही नाव नाही, हेही त्याच दमात नोंदविले पाहिजे. ‘आशा’मधील निरर्थक शब्दांचे गीत या दृष्टीने विलक्षण आहे. मुलांच्या खेळातील बोलांवरून त्याचा आरंभ सुचला, आणि पुढचे काही बोल जॉन गोम्स या गोमंतकीय वादकाने भरले, असे सांगितले जाते. त्या बोलांमध्ये कोकणीतील नकाराचे दोन शब्द अगदी उघडपणे आहेत. गीतकार म्हणून नोंद राजेंद्रकृष्णांची आहे. निरर्थक म्हणून ज्यांकडे कोणी लक्ष दिले नाही, त्या अक्षरांत वादकांच्या भाषेची मुद्रा शिल्लक राहिली.

बाकीच्या संभाराबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर त्यातला बराच भाग सामान्य आहे. एकेका वर्षी अनेक चित्रपट करणाऱ्या रचनाकाराकडून जे व्हावयाचे तेच झाले: चालींची पुनरावृत्ती, उसनवारी, घाई. ‘समाधी’तील (१९५०) गाजलेल्या गीताचे १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकी चित्रपटात कार्मेन मिरांडाने गायिलेल्या गीताशी असलेले नाते लपणारे नाही. बहुप्रसवता हा स्वतःहून गुण ठरत नाही.

कर्तृत्वाचा प्रश्न सौंदर्यशास्त्राबरोबर मालकीचाही होता. १९५३ मध्ये सी. रामचंद्र ‘न्यू साई प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढून निर्माते झाले आणि ‘झांझर’, ‘लहरें’ (दोन्ही १९५३) व ‘दुनिया गोल है’ (१९५५) हे चित्रपट त्यांनी काढले. पुढे मराठीत ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) यांची निर्मिती केली, त्यांत अभिनयही केला. ‘अलबेला’चे यश यांपैकी कोणत्याही हिंदी चित्रपटाला लाभले नाही, आणि चरित्रपर लेखनात हा हव्यास म्हणून निकालात काढला जातो. पण चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा प्रथम स्वामी निर्माता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वशुल्कावरील हक्क कायद्याने सुरक्षित केला तो थेट २०१२ च्या दुरुस्तीने. तेव्हा रामचंद्रांना जाऊन ३० वर्षे झाली होती. आपल्या चालीचा धनी आपण असावे, यासाठी १९५३ साली रचनाकारापुढे निर्माता होण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांची रचना आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेणारा संगीतकार, पडद्यावरचा नट आणि चित्रपटाचा मालक एकच आहे. अनेक नावे एका जागी आली ती मातृभाषेत, आणि पन्नाशी उलटल्यावर. १९७७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्राची चर्चा मात्र त्यातील व्यक्तिगत प्रकरणांभोवतीच घुटमळत राहिली.

श्रोत्यापर्यंत यांतले काय पोचले? १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि या मराठी मंत्र्याच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीत आक्रसले. चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे जाहिरात, हाही वादाचा एक मुद्दा होता. गीते रेडिओ सिलोनकडे गेली. विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. मराठवाड्यातील जालना मार्गावरच्या बदनापूरसारख्या गावी ही गीते पोचली ती लांबून येणाऱ्या खरखरत्या लहरींवरून, लग्नमंडपातील कर्ण्यांवरून आणि वरातीच्या बँडवरून. यांपैकी तिसरी वाट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. पितळी बँडला शब्द नसतात, कंठ नसतो. म्हणजे शब्दमुद्राही नाही आणि कंठमुद्राही नाही. वरातीत वाजते ती चाल, आणि कडव्यांच्या मधला ट्रंपेटचा तुकडा. आल्दोन्याच्या वादकाने कागदावर लिहिलेला तो तुकडा नोटेशन न वाचणाऱ्या बँडवाल्याने कानाने उचललेला असतो, आणि वरातीतले लोक नेमक्या त्याच जागी हात वर करतात.