पिढी नवी, गुण किती नवे?

शाळेच्या संगणक-खोलीसाठी वापरलेले लॅपटॉप घ्यायचे म्हटले, की विक्रेत्याचा पहिला प्रश्न येतो, "कुठल्या जनरेशनचा हवा?" किंमत बरीचशी या एका शब्दावर ठरते. अलीकडे हा प्रश्न आमच्यापुढेही आला. ठरलेल्या रकमेत लेनोव्हो कंपनीचे थिंकपॅड टी ४८० हे दहा लॅपटॉप बसत होते, किंवा त्याच मालिकेतले पुढचे टी ४९० आठ. चाळीस मुलांच्या तुकडीत पहिल्या पर्यायात एका यंत्राभोवती चार मुले बसतात, दुसऱ्यात पाच. पाचव्या मुलाचा हात कळफलकापर्यंत क्वचितच पोहोचतो, हे वर्गावर उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा नवेपणासाठी आपण काय देतो आणि त्याच्या बदल्यात काय मिळते, याचा हिशेब मांडून पाहू.

टी ४८० हे २०१८ सालचे मॉडेल, टी ४९० हे २०१९ सालचे. पहिल्यात पुष्कळदा इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०-यू हा प्रोसेसर आढळतो, दुसऱ्यात आय-फाइव्ह ८२६५-यू. गंमत अशी, की इंटेलच्या मोजणीत हे दोन्ही आठव्याच पिढीचे आहेत! दोन्हींत चार कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे चार स्वतंत्र भाग. दोन्ही १४ नॅनोमीटर तंत्राने बनवलेले. दोन्हींची नेमून दिलेली शक्ती १५ वॉट आणि मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ. फरक आहे तो कमाल वेगात. पहिल्याचा ३.४ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ३.९. म्हणजे वाढ सुमारे १५ टक्के. पण हा कमाल वेग थोडा वेळच टिकतो. काम लांबले की चिप तापते आणि १५ वॉटांच्या मर्यादेत राहण्यासाठी वेग आपोआप खाली येतो. शंभर मीटरच्या शर्यतीतला वेग घेऊन कोणी गड चढत नाही, तसेच हे.

मग पिढीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. त्याआधीच्या, २०१७ सालच्या टी ४७० मध्ये आय-फाइव्ह ७२००-यू असे. त्यात दोनच कोअर. सातव्या पिढीतून आठवीत येताना कोअर दुप्पट झाले. ही उडी खरी. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढचेच अधिकृतपणे चालतात आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे विंडोजच वापरायची असेल, तर सातव्या पिढीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. लिनक्स वापरण्याची तयारी असेल, तर मात्र ते टाकाऊ नाही. येथे आणखी एक सावधगिरी हवी. इंटेलचा आय-थ्री ८१३०-यू हाही आठव्या पिढीचाच, पण त्यात कोअर दोनच आहेत. म्हणून पिढी विचारून थांबू नये, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचावा.

आता दुरुस्तीचा मुद्दा. टी ४८० मध्ये मेमरीसाठी दोन खाचा आहेत. दोन्हींतल्या पट्ट्या काढता-बदलता येतात. टी ४९० मध्ये मेमरीचा एक भाग मुख्य पाटीवरच डाग देऊन बसवलेला असून खाच एकच आहे. तो पक्का भाग बिघडला, तर साधी पट्टी बदलून भागत नाही. टी ४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक आत, दुसरी मागच्या बाजूला. मागची बॅटरी यंत्र चालू असतानाही बदलता येते, कारण तेवढा वेळ आतली बॅटरी काम सांभाळते. टी ४९० मध्ये एकच बॅटरी आत बंद असते. ती बदलण्यासाठी तळाचे झाकण उघडावे लागते. जिथे दुपारी वीज जाते, तिथे हा फरक १५ टक्के वेगाहून मोठा वाटतो.

टी ४९० च्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते वजनाला हलके आणि जाडीला कमी आहे. २०१८ साली प्रकाशात आलेल्या 'मेल्टडाउन' या दोषावरचा उपाय त्याच्या चिपमध्येच काही प्रमाणात केलेला आहे. जुन्या चिपमध्ये तो सॉफ्टवेअरने करावा लागतो. रोज पाठीवर लॅपटॉप वाहून नेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने टी ४९० निवडला, तर आम्ही त्याला चूक म्हणणार नाही. पण शाळेतले यंत्र टेबलावरून हलत नाही. तिथे हलकेपणाचे पैसे कशाला मोजायचे?

यंत्र 'हळू चालते' ही तक्रार पुष्कळदा प्रोसेसरची नसतेच. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठी सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येईपर्यंत सरासरी एवढा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. एसएसडीत फिरणारा भागच नाही, त्यामुळे ही वाट पाहणेही नाही. अशा हजारो लहान वाचनांनी यंत्र सुरू होते, हे लक्षात घेतले की फरक कळतो. म्हणून वाचलेल्या पैशांतून आधी एसएसडी आणि ८ जीबी मेमरी यांची खात्री करावी.

आमचा निर्णय टी ४८० च्या बाजूने झाला, तोही एका अटीवर. प्रत्येक यंत्राच्या बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता तपासून घ्यायची. विंडोज स्वतःच हा अहवाल देते. ५० वॉट-तासांची बॅटरी आज ३० च साठवत असेल आणि यंत्र सरासरी १० वॉट वापरत असेल, तर पाच तासांऐवजी तीनच तास मिळतील. हे गणित आठवीच्या मुलांनाही जमते, आणि खरेदीच्या दिवशी ते त्यांच्याकडूनच करून घ्यावे. जाहिरातीतला शब्द आणि मोजलेला आकडा यांतला फरक मुलांना कळला, तर संगणक-खोलीचा पहिला पाठ यंत्रे सुरू होण्याआधीच झाला, असे म्हणता येईल.