धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्या आणि लेसर उपचार : एका आरोग्यभाषेची चिकित्सा

प्रस्तावना :

पनवेल, कामोठे, खारघर या परिसरात दंतवैद्यांच्या पाट्यांवर 'लेसर' हा शब्द आता सर्रास आढळतो. त्याच्या जोडीला 'वेदनारहित', 'टाक्यांविना', 'रक्तस्राव नाही' अशी विशेषणे असतात. हिरड्यांतून पू येणे, दात हलणे, तोंडाला दुर्गंधी येणे या तक्रारींवर हा उपचार सुचवला जातो आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो विशेष उपयुक्त असल्याचे सांगितले जाते. वैद्यकशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा प्रांत नाही. मात्र या उपचाराविषयी मराठीतून जे बोलले जाते आणि संशोधनात जे मांडले गेले आहे, त्यांतील अंतर भाषेच्या अभ्यासकाला जाणवण्याइतके मोठे आहे. त्या अंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आजार आणि उपाय :

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी अवस्थेत तिची खोली एक ते तीन मिलिमीटर असते. दातांवर जंतूंचा थर साचून त्याचे किटण झाले, हिरडीला सूज आली आणि ती दीर्घकाळ टिकली, की ही फट खोल होत जाते व दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. आपल्याकडे या सर्व प्रकाराला 'पायोरिया' असे ढोबळ नाव आहे. यावरचा मूलभूत उपचार म्हणजे दाताच्या मुळापर्यंतचे किटण खरवडून काढणे. लेसर बहुधा या साफसफाईनंतर, तिला जोड म्हणून वापरला जातो. जास्त शक्तीचा लेसर फटीतील जंतू व रोगट पेशी जाळतो. कमी शक्तीच्या लेसरने जखम लवकर भरून यावी अशी अपेक्षा असते. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ १९६७ साली हंगेरीतील एंद्रे मेस्टर यांनी केलेल्या निरीक्षणात आहे. कमी शक्तीच्या किरणांनी उंदरांच्या अंगावरील केस लवकर उगवतात असे त्यांना आढळले होते. थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला त्याला तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती.

आता प्रश्न असा, की साफसफाईवर लेसरची भर घातल्याने नेमके किती साधते? अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१५ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ साफसफाईने दाताची पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते, असे त्यात दिसून आले. लेसरच्या प्रकारांपैकी रंगद्रव्यासह वापरल्या जाणाऱ्या डायोड लेसरला त्या आढाव्याने दुबळी अनुकूलता दर्शवली; इतर लेसर साफसफाईच्या जोडीला वापरू नयेत असे तज्ज्ञमत नोंदवले. युरोपातील हिरडीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे याहून स्पष्ट आहेत. लेसरची जोड देऊ नये, असेच त्यांनी सुचवले. त्याच तत्त्वांमध्ये तंबाखू सोडवण्यासाठी रुग्णाला मदत करणे हा उपचाराच्या पहिल्या पायरीचा भाग मानला आहे.

केवळ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेल्या लेसरच्या चाचण्या आहेत. पण त्या लहान आहेत, त्यांचा पाठपुरावा बहुधा तीन ते सहा महिन्यांचा आहे आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. हिरड्यांच्या उपचाराच्या कितीतरी चाचण्यांत तर धूम्रपान करणाऱ्यांना आरंभीच वगळलेले असते. ज्याला हा उपचार 'विशेष उपयुक्त' म्हणून सांगितला जातो, त्याच्याविषयीचाच पुरावा असा विरळ आहे. यावरून लेसर निरुपयोगी ठरतो, असे मुळीच नाही. मऊ भागावरील लहान शस्त्रक्रियांत रक्त कमी जाते, रुग्णाला सोयीचे पडते, हे मान्य करावे लागेल. आक्षेप आहे तो सोयीलाच परिणाम म्हणून सादर करण्यावर.

'रक्तस्राव नाही' या शब्दांचा अर्थ :

पाट्यांवरील विशेषणांपैकी 'रक्तस्राव नाही' हे विशेषण थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. निरोगी माणसाच्या हिरडीला सूज आली, की घासताना रक्त येते आणि माणूस सावध होतो. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीत ही खूण क्षीण होते. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दीर्घकाळच्या धूम्रपानाने हिरडीतील दाहाची दृश्य लक्षणे झाकली जातात. आतून हाड झिजत असते, वरून हिरडी घट्ट व फिकट दिसते. त्यामुळे आपल्या हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणजे त्या उत्तम आहेत, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. उलट, धूम्रपान सोडल्यानंतर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि 'सोडल्यावरच त्रास सुरू झाला' अशी तक्रार घेऊन तो येतो. वास्तविक ते रक्ताभिसरण पूर्ववत होत असल्याचे लक्षण असते. ज्या रुग्णाच्या बाबतीत रक्त न येणे हीच फसवी खूण आहे, त्याच्यासमोर रक्त न येणे हा उपचाराचा गुण म्हणून ठेवला जातो. हा विरोधाभास कोणत्याही माहितीपत्रकात उलगडून सांगितल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

काळ्या हिरड्या उजळ करण्याचा लेसर हा याच प्रकारातला. धूम्रपानाने हिरड्यांवर काळपट डाग येतात हे खरे. धूम्रपान चालू राहिले तर लेसरने काढलेला रंग परत येतो हेही तितकेच खरे. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या जन्मतःच सावळ्या असतात. त्याला आजार म्हणणे म्हणजे सावळ्या कातडीला आजार म्हणण्यासारखे आहे.

सोडण्याचा परिणाम :

तंबाखू सोडल्याने हिरड्यांना काय मिळते, याचा पुरावा लेसरच्या मानाने अधिक भक्कम आहे, पण त्याला पाटी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील माहितीवर आधारित, २००० साली प्रसिद्ध झालेल्या टोमर व अस्मा यांच्या अभ्यासानुसार, सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हिरडीरोगाची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळली. सोडून अकरा वर्षे वा अधिक काळ झालेल्यांमध्ये मात्र ती जवळजवळ न ओढणाऱ्यांइतकी खाली आलेली होती. न्यूकॅसल येथे प्रेशॉ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हिरड्यांच्या नेहमीच्या उपचारानंतर वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांच्या फटींची खोली इतरांपेक्षा अधिक कमी झाली. अर्थात या अभ्यासालाही चिकित्सेतून सूट देता येत नाही. ४९ जणांपासून सुरुवात झाली, वर्षाअखेर पूर्ण माहिती २६ जणांचीच मिळाली आणि त्यांत सलग वर्षभर सोडलेले केवळ १० होते. सोडणे किती अवघड आहे, हे या १० च्या आकड्यातूनच कळते. लेसरचे आकर्षण नेमके येथे आहे. त्यात रुग्णाला काही करावे लागत नाही. तो खुर्चीत बसतो आणि यंत्र काम करते. 'लेसर मारून घेतला' या बोलीतल्या प्रयोगात कर्ता रुग्ण दिसतो खरा, पण क्रिया दुसऱ्याची असते.

'धूम्रपान' या शब्दाबाहेरची माणसे :

येथवर आपण 'धूम्रपान करणारा' ही संज्ञा निर्विवाद मानून चाललो. पनवेल तालुक्यात उभे राहून पाहिले, तर खरी अडचण या संज्ञेतच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे त्यांत किती? केवळ ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांमध्ये हे अंतर आणखी मोठे आहे. धूम्रपान १.४ टक्के, तर धूरविरहित तंबाखू १६.६ टक्के. थोडक्यात, महाराष्ट्रातील तंबाखूचा वापर प्रामुख्याने धुराविना होतो, तर हिरड्यांवरील संशोधनाची भाषा सिगारेटची आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिरडीरोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोगाची गती ठरवताना दिवसाला दहा सिगारेटी ही सीमारेषा धरली आहे. चिमूटभर मिश्रीचे त्यात कोणतेही माप नाही.

मिश्री, काही ठिकाणी मशेरी, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूची पूड. ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर चोळतात. म्हणजे तंबाखू थेट त्याच जागी पोचते, जेथील आजारावर लेसर सुचवला जातो. मराठी क्रियापदांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. विडी आपण 'ओढतो', तंबाखू 'मळतो', 'खातो', तिचा 'बार भरतो'. मिश्री मात्र 'लावतो'. मलम लावतात, हळद लावतात, औषध लावतात, तशीच मिश्री लावतात. व्यसनाच्या क्रियापदांमध्ये ती बसत नाही. तिची जागा उपचाराच्या क्रियापदांमध्ये आहे. ती वापरणारी स्त्रीही दात घासण्याचे साधन म्हणूनच तिच्याकडे पाहते, आणि दाढ दुखते म्हणून सुरू झालेली मिश्री दाढ काढल्यानंतरही सुटत नाही. अशा स्त्रीला केसपेपर भरताना 'धूम्रपान करता का?' असे विचारले, तर ती 'नाही' म्हणते. ते उत्तर खोटे नसते. 'काही व्यसन?' या प्रश्नालाही तिचे उत्तर तेच असते.

येथे एक अवांतर नोंद करण्याचा मोह आवरत नाही. 'धूमपान' हा शब्द चरकसंहितेत औषधी धुराच्या उपचारासाठी येतो. म्हणजे एकेकाळी उपचाराचा असलेला शब्द व्यसनाकडे गेला, आणि व्यसनाची वस्तू असलेली मिश्री उपचाराच्या क्रियापदाकडे आली.

हा गोंधळ कायद्याने काही अंशी ओळखला होता. केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली; १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री या दोन्हींच्या कक्षेबाहेर राहिली. संशोधकांना ती अज्ञात होती असेही नाही. फली मेहता व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली, महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची पाहणी प्रसिद्धच आहे. प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावत होत्या आणि अशा मातांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. म्हणजे दवाखान्यात न विचारलेला हा प्रश्न केवळ हिरडीपुरता नाही.

पनवेलची स्थिती यादृष्टीने विलक्षण आहे. कामोठे व खारघर येथे दंत महाविद्यालये आहेत, खारघरलाच टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, आणि शेजारी बेलापूरला तंबाखूविषयक संशोधन करणारी हीलिस सेखसरिया संस्था आहे. इतके ज्ञान हाताशी असलेला तालुका राज्यात क्वचितच सापडेल. अशा ठिकाणी लेसर आणि धूम्रपान यांवरचा आणखी एक छोटा अभ्यास होण्यापेक्षा, मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्यांचा वर्षभराचा पाठपुरावा होणे प्रस्तुत लेखकाला अधिक गरजेचे वाटते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. खोली मोजण्याची सळई लागते, आणि रुग्णाच्या तोंडी असलेली क्रियापदे वापरणारी प्रश्नावली लागते. मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? सकाळची लावल्यावर किती वेळाने चूळ भरता? दुपारी जेवणानंतर लावता का? पहिल्यांदा कोणी दिली, आणि दात दुखत होता म्हणून का?

आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांना या कामात प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरी हे शब्द रोजच्या वापरात आहेत. 'लावणे', 'चोळणे', 'घासणे' यांतील कोणता शब्द कोणत्या गावात चालतो, हे ते एका दिवाळीच्या सुटीत नोंदवून आणू शकतील. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मिश्री हीदेखील तंबाखूच आहे, एवढे सांगणारे एक वाक्य तिच्या क्रमांकासोबत केसपेपरवर छापायला शाईशिवाय दुसरा खर्च येणार नाही.