अंक कोणाचा चुकला?

काही दिवसांपूर्वी एका शाळेतील विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. नववीच्या मुलांनी हाताने लिहिलेले देवनागरी अंक ओळखणारी संगणकप्रणाली मांडली होती. उत्तर भारतातून नुकत्याच आलेल्या एका मुलीने ९ लिहिला, तिच्या घरी लिहितात तसा, आपल्यापेक्षा निराळ्या वळणाचा. संगणकाने भलताच अंक सांगितला. शेजारचे शिक्षक म्हणाले, "नीट लिही बघू." तिने आमच्या वळणाचा ९ काढला, तो बरोबर ओळखला गेला आणि टाळ्या पडल्या. चूक प्रणालीची होती, पण सुधारायला लागले मुलीला.

घरी येताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शालेय अभ्यासक्रमाबद्दलचा माझा जुना आक्षेप पुन्हा आठवला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीला हा ऐच्छिक विषय सुरू केला. तेव्हाच्या शिक्षक-पुस्तिकेत नीतीचा विचार आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. चालकाविना धावणाऱ्या मोटारीसमोर अचानक लहान मूल आले तर तिने काय करावे, संगणकीय मदतनिसांना बाईचाच आवाज का, असे प्रश्न चर्चेला दिले आहेत. अशा चर्चा वर्गात रंगतात. पण मोटार मुलांनी बनवलेली नसते आणि आवाजही त्यांनी निवडलेला नसतो. दोष दूरच्या कंपनीचा, आपण फक्त मत द्यायचे. माहिती गोळा करणे, प्रणाली शिकवणे, तिची चाचणी घेणे हे टप्पे पुढच्या प्रकरणात येतात. खरे तर नीतीचे प्रश्न उभे राहतात ते याच टप्प्यांवर, आणि तिथेच ते विचारले गेले पाहिजेत.

अंक ओळखण्याचेच उदाहरण घेऊ. हा विषय शिकणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीलाच 'एमनिस्ट' हा अंकांचा संग्रह भेटतो. त्यात शिकवण्यासाठी ६०,००० आणि चाचणीसाठी १०,००० अंक आहेत. त्याची जन्मकथा मात्र क्वचितच सांगितली जाते. हे अंक अमेरिकेतील एका सरकारी संस्थेच्या दोन संग्रहांतून आले. एक जनगणना खात्यातील कर्मचाऱ्यांच्या हस्ताक्षराचा, दुसरा शाळकरी मुलांच्या. कर्मचाऱ्यांचे अंक स्वच्छ, सुवाच्य. मुलांचे ओळखायला अवघड. मूळ योजनेत पहिल्यावर शिकवायचे आणि दुसऱ्यावर चाचणी घ्यायची, असे होते. यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही संग्रह निम्मे-निम्मे मिसळले, तेव्हा एमनिस्ट तयार झाला. म्हणजे कोणाचे हस्ताक्षर घ्यायचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अगदी पहिल्या पायरीवरच सोडवावा लागला होता.

तो सोडवला नाही तर काय होते, हे जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली त्यांनी तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या व काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते एका प्रणालीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. सगळ्यांची सरासरी काढली असती तर ही तफावत दिसलीच नसती.

सरासरी कशी फसवते, हे फळ्यावर मांडता येईल. समजा, ९ या अंकाचे १०० नमुने आहेत. ओळखीच्या वळणाचे ९० आणि निराळ्या वळणाचे १०. पहिल्यांपैकी ८८ बरोबर ओळखले, दुसऱ्यांपैकी फक्त २. एकूण अचूकता ९० टक्के! प्रदर्शनात बक्षीस मिळेल. निराळ्या वळणाच्या मुलांपुरती मात्र ती २० टक्के आहे.

यासाठी संगणकही लागत नाही. वर्गातील पाच मुलांकडून कागदावर अंक लिहून घ्या. ते पाहून बाकीच्यांना प्रत्येक अंकाची 'ओळखण्याची खूण' शब्दांत लिहायला सांगा. मग डावखुऱ्या मुलांचे, आजी-आजोबांचे, नुकतेच लिहायला शिकलेल्या प्रौढांचे, दुसऱ्या राज्यातून आलेल्यांचे अंक जमवा आणि फक्त त्या खुणांवरून ओळखायला लावा. कोणाचे किती चुकले, याचा गटवार तक्ता करा. शेवटी विचारा: आता काय बदलायचे, लिहिणारा की खूण?

निराळी वळणे सामावून घेतली तर सुरुवातीला एकूण अचूकता थोडी घटेल, काम वाढेल, अशी तक्रार येईल. ती खरी आहे. पण प्रयोगशाळेत सोयीचे नमुने ठेवून गैरसोयीचे टाकून दिले तर त्याला आपण लबाडी म्हणतो. इथे वेगळा न्याय का?

त्या प्रदर्शनात मुलीचा पहिला ९ जपून ठेवायला हवा होता. प्रणालीला शिकवण्यासाठी त्या दिवशी मिळालेला तो सर्वांत उपयोगी नमुना होता.